आलेल्यांचा टक्का

माझ्या यंत्राच्या नळीतून मोठा रेणू आधी बाहेर येतो आणि बारका मागून, हे आमच्या दादांना काही केल्या पटत नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर ज्वारी आणि तूर चाळली, त्याला ते पटावं तरी कसं? चाळणीतून बारीक आधी पडतं, जाड वर राहतं. "मग ती चाळणी न्हाईच," दादा म्हणाले. खरंच नाही. शेवटी मी त्यांना पैठणच्या नाथषष्ठीचं उदाहरण दिलं. मोठी दिंडी बोळात शिरूच शकत नाही, ती हमरस्त्यानं सरळ नाथांच्या वाड्याकडं निघते. तिच्यासोबत आलेली पोरं मात्र दिसेल त्या गल्लीत घुसतात, रेवड्यांच्या गाड्यापाशी थांबतात, पाळण्याभोवती रेंगाळतात. निघाली सगळी एकाच वेळी, पण पोरं पोचतात शेवटी. माझ्या कॉलमचं तसंच आहे. वीतभरापेक्षा थोडी लांब स्टीलची नळी, तिच्यात पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मणी ठासून भरलेले, आणि प्रत्येक मण्याला सूक्ष्म भोकं. प्रथिनाचा मोठा रेणू भोकात मावत नाही, तो मण्यांमधल्या वाटेनं वाहत निघतो. लहान रेणू भोकाभोकात डोकावत येतो.

"आता कळलं," दादा म्हणाले. "पन ह्याचे पैशे देत्यात तुला?"

देतात. बिडकीनजवळच्या आमच्या गावातून मी आधी संभाजीनगरला एमएस्सीसाठी आले, आणि आता चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका लहानशा चाचणी प्रयोगशाळेत आहे. कंपन्या आमच्याकडं नमुने पाठवतात, जास्त करून अँटिबॉडीची (परक्याला ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांची) औषधं, म्हणजे कर्करोग किंवा संधिवातात शिरेतून अथवा कातडीखाली देतात ती. रेणू सुटे आहेत की एकमेकांना चिकटून गोळे झालेत, तुकडे किती पडलेत, वजन जेवढं हवं तेवढं आहे का, हे आम्ही मोजून देतो. कोणाचं औषध ते सांगता येत नाही, करार असतो. पुढं सांगते ती गोष्ट गेल्या मे महिन्यातली आहे आणि तिच्यातली चूक माझी आहे.

गोळ्यांची एवढी धास्ती का, ते मला कामाला लागल्यावर समजलं. माझी आत्या डायलिसिसवर आहे. रक्त भरून यावं म्हणून तिला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन देतात. हे औषध नवीन नाही, पण १९९८ नंतरच्या काही वर्षांत युरोपात त्याच्या एका प्रकारानं घात केला. काही रुग्णांच्या शरीरानं औषधालाच परकं ठरवून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या, आणि त्या अँटिबॉडींनी शरीरातलं स्वतःचं एरिथ्रोपोएटिनही निकामी केलं. तांबड्या पेशी बनायच्याच थांबल्या. कारणांवर पुढं बराच वाद झाला, पण प्रथिनांचे गोळे शरीराला चेतवू शकतात ही भीती तेव्हापासून या धंद्यात पक्की बसली. एकटा रेणू ओळखीचा वाटतो. तोच वीस-पंचवीस जणांनी हात धरून आला की शरीराला जंतू आल्यासारखं वाटतं.

याच एरिथ्रोपोएटिनवर आमच्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ मॅडमनी मला पहिला धडा दिला होता. मूळ साखळी १६५ अमिनो आम्लांची, वजन साधारण १८ हजार डाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप). तिच्यावर साखरेच्या फांद्या फुटलेल्या, त्या धरून ३० हजारांच्या आसपास. पण कॉलममधून ते जेव्हा बाहेर पडतं ते पाहून वाटतं, हा तर कितीतरी जड रेणू! साखरेच्या फांद्यांमुळं त्याचा पसारा मोठा, म्हणून भोकात कमी शिरतं आणि लवकर येतं. बाभळीची वाळलेली फांदी गाडीत जागा किती घेते आणि वजनाला किती भरते, तसं. कॉलमला वजन कळत नाही, पसारा कळतो. नुसत्या वेळेवरून वजन काढलं की फसगत.

म्हणून कॉलमच्या पुढं आम्ही लेझर लावतो. आमच्या माळवदाच्या घरात दुपारी झरोक्यातून उन्हाची तिरीप येई, आणि एरवी न दिसणारी धूळ तिच्यात तरंगताना दिसे. तेच तत्त्व. प्रथिनाचा द्राव लेझरच्या झोतातून जातो, रेणू प्रकाश चहूकडं विखुरतात, आणि बाजूला वेगवेगळ्या कोनांत बसवलेले डोळे तो मोजतात. विखुरलेला प्रकाश दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतो: द्रावात माल किती आणि त्यातला एकेक रेणू किती जड. माल किती हे अतिनील शोधक सांगतो, कारण प्रथिनं २८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. शिवाय शेवटी अपवर्तनांक मोजणारा शोधक असतो, तोही तेच सांगतो. भागाकार केला की वजन हातात. दुसऱ्या कुठल्या रेणूशी तुलना करत बसावं लागत नाही. शाळेत दर २८ फेब्रुवारीला आम्ही रामन यांच्यावर भाषणं ठोकायचो, १९२१ सालचा बोटीचा प्रवास आणि समुद्राचा निळा रंग पाठ होता. पण विखुरणं म्हणजे काय हे एकाही भाषणात कळलं नव्हतं. रामन यांना सापडला तो विखुरताना रंग बदललेला प्रकाश. आमच्या यंत्रात रंग बदलत नाही, लाल आत जातो आणि लालच बाहेर येतो. बिचारा साधा मामला, पण नखरे फार.

नखऱ्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. अतिनील शोधकाला धुळीचा कण दिसत नाही. लेझरला एक कण म्हणजे पडद्यावर एक सणसणीत काटा. म्हणून बफर, म्हणजे कॉलममधून सतत वाहणारा, आंबटपणा स्थिर ठेवणारा क्षारांचा द्राव, ०.१ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा. आमचा बफर सोडियम फॉस्फेट आणि सोडियम सल्फेटचा. उन्हाळ्यात फॉस्फेट म्हणजे जिवाणूंना जेवणाचं आमंत्रण, तेव्हा जुन्या बाटलीत नवा बफर ओतायचा नाही, बाटलीच बदलायची. पाणी १८.२ मेगाओहमचं, म्हणजे क्षार जवळपास नसलेलं लागतं. मे महिन्यात एमआयडीसीचं पाणी कमी पडलं की टँकर येतो, आणि टँकरचं पाणी आलं की शुद्धीकरण यंत्राची कार्ट्रिज भराभर संपते. कार्ट्रिज महाग. मॅडम त्या काळात पाण्याच्या प्रत्येक लिटरचा हिशेब विचारतात, अगदी आमच्या आईनं दुष्काळात विचारावा तसा.

अपवर्तनांकवाला तर सगळ्यांत हळवा. माझ्या पहिल्या महिन्यात त्याची बेसलाइन, म्हणजे नुसता बफर वाहताना सपाट राहायला हवी ती रेघ, सारखी लाटा मारायची. मी पंप तपासला, बुडबुडे काढले, नळ्या आवळल्या. लाटेला ठरावीक अंतर होतं, पण कशाचं ते समजेना. शेवटी एका दुपारी नुसती बसून राहिले तेव्हा कानाला कळलं: एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की लाट चढते, बंद झाला की उतरते. थंड झोत थेट यंत्रावर येत होता. एसीची पाती वर वळवली आणि लाट गेली. तीन दिवस त्यात गेले होते.

आता तो शुक्रवार.

एका कंपनीकडून अँटिबॉडीचा नमुना आला होता. प्रमाण अगदी थोडं, छोट्या व्हायलमध्ये, म्हणजे कुपीत, अर्धा मिलिलिटर. त्यातला काही भाग घेऊन मी आमच्याच बफरनं पातळ केला, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम. सकाळभर लेझर तापू दिला होता, बोवाइन सीरम अल्ब्युमिनचा (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचा) रन घेतला होता. या प्रथिनाचं वजन ६६ हजार डाल्टन, ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून शोधक एकमेकांशी जुळवायला तेच वापरतात. द्राव आधी अतिनीलकडं पोचतो, मग लेझरकडं, मग शेवटच्याकडं. हे मधलं अंतर संगणकाला नीट सांगितलं नाही तर पीकवर, म्हणजे प्रथिन बाहेर येताना रेघेत उठणाऱ्या शिखरावर, काढलेली वजनाची रेघ तिरकी होते. जुळलं की ती रेघ पीकच्या डोक्यावर पाटाच्या पाण्यासारखी सपाट बसते. त्या दिवशी छान सपाट बसली होती, आणि मी खूश होते.

साडेचारला लाइट गेली. यूपीएसनं वीस मिनिटं तग धरला. जनरेटर त्या आठवड्यात दुरुस्तीला होता. लाइट आली तेव्हा सहा वाजून गेले होते. पंप लगेच चालू होतो, पण शोधक स्थिर व्हायला काही तास लागतात. मला गावी जायचं होतं, चुलतभावाचं लग्न. मॅडम म्हणाल्या, "जा तू, सोमवारी करू." कॉलम मी आधी पाण्यानं धुतला आणि मग वीस टक्के इथेनॉलमध्ये ठेवला. हा क्रम चुकवायचा नाही, बफरमधलं सल्फेट इथेनॉलमध्ये साखळतं आणि हजारोंचा कॉलम तुंबतो. एवढं सगळं नीट केलं. आणि पातळ केलेला नमुना? तो मी फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिज भरलेला होता, म्हणून व्हायलची डबी जराशी मागं सरकवली. नियमानं तो टाकून द्यायचा आणि सोमवारी ताजा करायचा होता. पण नमुना इतका थोडा होता की टाकवेना.

सोमवारी व्हायल बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली. पाण्यासारखी स्वच्छ. २० मायक्रोलिटरचं इंजेक्शन दिलं, म्हणजे कॉलममध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रथिन गेलं. मिनिटाला अर्धा मिलिलिटर प्रवाह. साडेचौदाच्या सुमारास जोडगोळीची, म्हणजे डायमरची छोटी उठावणी, सतराच्या आसपास मुख्य पीक, मागं तुकड्यांची नखभर उंची. सुटे रेणू ९९.२ टक्के. मुख्य पीकवर वजन एक लाख ४८ हजार डाल्टन, अँटिबॉडीचं असायला हवं तसंच. डायमरवर जवळपास दुप्पट. अहवाल लिहायला बसावं इतकं देखणं चित्र.

फक्त लेझरच्या रेघेवर बाराव्या मिनिटाला एक उंचवटा होता. काटा असता तर धूळ म्हणून सोडून दिला असता. हा गोलसर, नीट चढणारा आणि उतरणारा. त्याच जागी अतिनीलची रेघ मात्र झोपलेली. बारावं मिनिट म्हणजे भोकात कुठंच न शिरता थेट येणाऱ्यांची वेळ. दिंडीची वेळ.

मी म्हटलं, कॉलममधून काहीतरी सुटलं असेल. कॉलम नवा असला की मण्यांची भुकटी सुटते, तेव्हा लेझरसाठी त्याला रात्रभर धुवावं लागतं. आमचा जुना होता, तरी नुसत्या बफरचं इंजेक्शन दिलं. बाराव्या मिनिटाला काही नाही. अल्ब्युमिन दिलं, तिथंही काही नाही. मग नमुना पुन्हा दिला. उंचवटा पुन्हा तिथंच, तेवढाच.

यावर मी जे केलं ते आता सांगताना बरं वाटत नाही. मी नमुना ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज-गाळणीतून गाळला आणि परत दिला. उंचवटा निम्म्याहून कमी झाला. टक्का तोच, ९९.२. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मॅडमना चित्र दाखवलं.

मॅडमनी टक्क्याकडं पाहिलंच नाही. "किती घातलं होतंस?"

"शंभर मायक्रोग्रॅम."

"आणि बाहेर किती आलं?"

हा आकडा संगणक देतो. सगळ्या पीकखालचं प्रथिन मोजून बेरीज. आमच्या अहवालात त्याचा रकाना नव्हता, म्हणून मी तो बघत नव्हते. न गाळलेल्यात ९२. गाळलेल्यात ८९.

"बाकीचं कुठं गेलं?"

मी गप्प.

"हे ९९.२ कोणाचे आहेत? जे बाहेर आले त्यांचे. जे आत अडकले, गाळणीवर बसले, त्यांना तू हजेरीत धरलंच नाहीस."

मला एकदम आमच्या गावची ग्रामसभा आठवली. तीस माणसं येतात, तीसही हात वर करतात, आणि कागदावर 'सर्वानुमते' असं लिहिलं जातं. गाव दोन हजारांचं.

उंचवट्याचा हिशेब मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. समजा एकूण मालात वजनानं दहा हजारात एकच भाग गोळ्यांचा आहे, म्हणजे ०.०१ टक्का. अतिनील शोधकाला तो बेसलाइनच्या थरथरीत दिसणारच नाही. पण गोळा सुट्या रेणूच्या हजारपट जड असेल, तर त्या भागाचा प्रकाश हजारपट. म्हणजे मुख्य पीक जेवढा प्रकाश फेकतं त्याच्या दहा टक्के हा चिमूटभर माल फेकणार. लेझर खोटं बोलत नव्हता, नुसता ओरडत होता. आणि जे दिसत होते ते फक्त कॉलममधून सुटून आलेले. त्यांच्याहून मोठे तोंडावरच्या जाळीतच बसले असणार.

कॉलमच नको मग. दुसऱ्या यंत्रावर, डीएलएसवर (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग) गेलो. यात वेगळं करणं नाहीच. नमुना क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक भांड्यात ठेवायचा आणि विखुरलेला प्रकाश किती भरभर लुकलुकतो ते बघायचं. लहान कण द्रावात चपळ नाचतात, तेव्हा लुकलुक जलद. मोठे सुस्त, लुकलुक संथ. त्या वेगावरून आइन्स्टाइनच्या समीकरणानं आकार निघतो. या यंत्राला बारकावा नाही. सुटा रेणू आणि डायमर त्याला एकच वाटतात, आकारात साधारण तिपटीचा फरक असल्याशिवाय ते दोन पीक दाखवत नाही. पण मोठ्यांच्या बाबतीत त्याची नजर घारीची. कणाची त्रिज्या दहापट झाली की त्याचा प्रकाश दहा लाखपट होतो.

पडद्यावर दोन टेकड्या आल्या. एक १०-११ नॅनोमीटर व्यासाची, ती आमची अँटिबॉडी. दुसरी काही शे नॅनोमीटरवर, ऐसपैस पसरलेली. मी बटण दाबून तेच चित्र प्रकाशाऐवजी आकारमानाच्या (कोणी किती जागा व्यापली त्या) हिशेबात बदललं, तर दुसरी टेकडी नाहीशी! सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आणि अहवालात कोणतं चित्र लावायचं हे लावणाऱ्याच्या हातात आहे. माझं त्या बटणाशी तेव्हापासून वाकडं आहे.

"शुक्रवारपासून सोमवारपर्यंत हे कुठं होतं?" मॅडमनी विचारलं.

"फ्रिजमध्ये. चार अंशांवर."

"फ्रिज चारवर होता. व्हायल कितीवर होती?"

तापमापी मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला लटकलेली असते. तिची नोंद निर्दोष होती, चार ते पाच. त्या संध्याकाळी मी एका रिकाम्या व्हायलमध्ये साधं पाणी भरलं आणि माझी डबी जिथं होती तिथं, मागच्या पत्र्याला टेकवून ठेवली. सकाळी आले, उलटी केली. पाणी हललं नाही. बर्फ.

पण सोमवारी माझा नमुना तर पातळ होता? त्याचं उत्तर वॉचमन काकांनी दिलं. "रविवारी लाइन बंद होती ना माय, सकाळपासून पार रात्री उशिरापर्यंत. काम चाललं होतं तारांचं." म्हणजे शनिवारी नमुना गोठला, रविवारी वितळला, आणि सोमवारी माझ्यासमोर भोळा चेहरा करून उभा राहिला.

नुसत्या गोठण्यानं इतकं होतं का, हा प्रश्न मला पडला होता. इथं आमच्या बफरनं हात धुऊन घेतले. सोडियम फॉस्फेटचा द्राव गोठताना त्यातला डायसोडियम भाग आधी स्फटिक होऊन बाजूला पडतो, आणि उरलेल्या द्रावाचा पीएच दोन-तीन अंकांनी खाली येऊ शकतो. तोवर पाण्याचा बर्फ झाल्यामुळं प्रथिन आणि क्षार उरलेल्या थेंबांत दाटीनं कोंबलेले. आंबट, दाट आणि वर बर्फाचे काठ. घडी मोडलेले रेणू एकमेकांना चिकटायला आणखी काय लागतं? कंपनीच्या मूळ व्हायलमध्ये बफर वेगळा होता, साखर होती, गोठण्यापासून थोडंफार सांभाळणारी. मी पातळ करताना ते संरक्षणही पातळ केलं होतं. आणि ती मूळ व्हायल तर मधल्या फळीवर, गोठलीच नव्हती.

त्यातलं राहिलेलं थोडंसं घेऊन मंगळवारी ताजा नमुना केला आणि अर्ध्या तासात यंत्रावर घातला. बाराव्या मिनिटाला लेझरची रेघ किंचित उचलली, एवढंच. घातलं १००, आलं ९९. सुटे रेणू ९९.१ टक्के. म्हणजे बिघडलेल्या नमुन्यात ९९.२ आणि चांगल्यात ९९.१! टक्क्यावर विसंबून राहिले असते तर बिघडलेलाच उजवा ठरला असता.

कंपनीला काय कळवायचं यावर मला वाटलं मॅडम चांगला रन पाठवतील आणि विषय संपेल. त्यांनी मला विचलनाची नोंद लिहायला बसवलं. काय झालं, कधी, कोणाच्या हातून, किती नमुना वाया गेला. दोन पानं झाली. 'डबी मागे सरकवली' हे वाक्य मी तीनदा खोडलं, कारण आधी ते 'डबी मागे सरकली' असं लिहिलं होतं. कंपनीच्या माणसानं फोनवर फारसं काही म्हटलं नाही, उलट गोठलेल्या नमुन्याची चित्रंही पाठवा म्हणाला.

फ्रिजच्या आत मागच्या बाजूनं आता चार बोटं सोडून लाल पट्टी चिकटवली आहे, आणि एक तापमापी पत्र्यापाशीही लटकते. अहवालाच्या नमुन्यात टक्क्याच्या वर एक नवा रकाना आलाय, 'घातले' आणि 'आले'. लग्नाची मिठाई मी सोमवारी आणली होती, ती या सगळ्या गडबडीत डब्यातच राहिली. बुधवारी उघडली तेव्हा बुंदीचे लाडू सुटून डब्याच्या तळाशी नुसती बुंदी झाली होती. मॅडमनी चमच्यानं खाल्ली.